शेजारची साडी

इंदूरच्या सीतलामाता बाजारात साडीच्या दुकानात चपला काढून गादीवर बसलं की पहिला प्रश्न रंगाचा येत नाही, कापडाचाही येत नाही. "ताई, रेंज क्या रखूँ?" घरात मराठी बोलणारी बाई इथे हिंदीत उत्तर देते आणि बहुतेक वेळा खरं उत्तर देते: तीनेक हजारापर्यंत. विक्रेता मान डोलावतो. अडीच-पावणेतीन हजारांच्या चार साड्या समोर टाकतो आणि त्यांच्यावर, जणू चुकून हाताला लागली म्हणून, साडेसात हजारांची एक उलगडतो. "लेनी नहीं है, बस देख लो. देखने के पैसे थोड़े ही लगते हैं."

लागतात. बघण्याचेच लागतात. ती जरीची किनार एकदा डोळ्यांखालून गेली की खालच्या चार साड्या दोन मिनिटांपूर्वी होत्या तशा राहत नाहीत, जरा फिक्या, जरा रोजच्या वापराच्या वाटायला लागतात. मग बेचाळीसशेची येते. तीन हजारांवरून मोजलं तर ती बाराशेंनी महाग आहे. साडेसात हजारांवरून मोजलं तर तेहेतीसशेंनी स्वस्त. साडी तीच, पैसे तेच. मोजपट्टीचं टोक कुठे धरायचं एवढंच काय ते बदललं आणि ते टोक गिऱ्हाइकाने धरलेलं नसतं.

कुठल्याही वस्तूची किंमत आपल्याला आतून कळत नाही, हे मान्य करायला जड जातं, पण ते तसंच आहे. पाणी गरम आहे की थंड हे हात त्याआधी कशात होता त्यावर ठरतं, तसंच हेही. आपल्याला कळतो तो फरक. त्यामुळे वस्तू किती चांगली आहे यापेक्षा तिच्या शेजारी काय ठेवलंय हे दुकानात जास्त महत्त्वाचं ठरतं, आणि शेजार ठरवणं हा दुकानदारीचा अर्धा धंदा आहे.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जो निबंध लिहिला, त्यात एक चक्र फिरवायचा प्रयोग आहे. चक्र आतून असं केलेलं, की ते १० वर किंवा ६५ वरच थांबावं. ते थांबल्यावर लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? ज्यांना १० दिसले त्यांच्या उत्तरांचा मध्य २५ आला, ज्यांना ६५ दिसले त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नव्हता. याला अँकरिंग म्हणतात. मराठीत नांगर टाकणं म्हणावं, कारण होडी थोडी इकडेतिकडे हलते, पण दोराच्या लांबीएवढीच. चक्र तरी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फिरलं होतं. साडेसात हजारांच्या आकड्याला तर निदान साडीशी नातं आहे, म्हणून त्याचा नांगर जास्त घट्ट रुततो.

दुकानदारालाही स्वतःचा नांगर असतो, फक्त तो लिहून ठेवलेला असतो. साडीला लावलेल्या चिठ्ठीवर छापील किमतीखाली दोन-तीन अक्षरं दिसतात. पुष्कळ जुन्या पेढ्यांत दहा अक्षरांचा एक शब्द किंवा वाक्य ठरवलेलं असतं, प्रत्येक अक्षराला एक आकडा, आणि त्या अक्षरांत खरेदीची किंमत टिपलेली असते. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की विक्रेत्याची नजर क्षणभर चिठ्ठीकडे जाते. खाली कुठवर जायचं ते त्याला कळतं. म्हणजे सौद्यात एकाच्या पायाखाली जमीन आहे, दुसऱ्याच्या पायाखाली नुसती साडेसात हजारांची आठवण. घरून निघतानाच जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा कागदावर लिहून पर्समध्ये ठेवला, तर ही चिठ्ठी आपल्याकडेही होते. मनात ठरवलेला आकडा चालत नाही. मनातला आकडा गादीवर बसल्या बसल्या वाढतो आणि वाढलेला कळत नाही. आणि "रेंज?" या प्रश्नाला खरा आकडा देण्याची सक्ती कुणी केलेली नाही. "दो हजार के अंदर दिखाइए" म्हणून सुरुवात करायला हरकत नाही. तीन हजारांपर्यंतचा माल तो आपण होऊन दाखवतोच.

आता घड्यांकडे बघा. नव्या कपड्याची घडी मोडणं म्हणजे तो पहिल्यांदा वापरणं. दुकानात विक्रेता एका झटक्यात घडी मोडतो, साडी हवेत पसरून गादीवर सोडतो. पाच, दहा, पंचवीस. ढीग वाढत जातो तसा गिऱ्हाइकाचा चेहरा बदलत जातो. "अहो, बस करा, एवढ्या कशाला उघडता!" हे वाक्य आलं की विक्रेत्याला कळतं, आता बाई रिकाम्या हाताने उठणार नाहीत. त्याने काही मागितलेलं नसतं, श्रम केलेले असतात आणि तेही समोर. कुणी आपल्यासाठी काही केलं की परतफेडीचा भार मनावर येतो. त्यात चहा आला, सोबतच्या लेकराला थंड पेय आलं, की तो भार कागदावर न लिहिलेली उधारी होऊन बसतो. शिवाय स्वतःचा तासभर गेलेला. गेलेला वेळ काही घेतलं तरी परत येत नाही आणि न घेतलं तरी नाही, पण 'एवढा वेळ घालवून काहीच नाही घेतलं' ही टोचणी साडीच्या किमतीत मिसळते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: घड्या घालायला पोरं ठेवलेली असतात, तो त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि उघडलेल्या साड्यांपैकी बहुतेक कधीच विकल्या जाणार नाहीत, हे मालकाच्या हिशोबात आधीपासून धरलेलं असतं.

यापुढची पायरी खांद्याची. "पहन के देखो ना, ताई." साडी नेसलेल्या साडीवरूनच गुंडाळतात, पदर खांद्यावर टाकतात, आरशापुढे उभं करतात. इथे पारडं कलतं. कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये वर्गातल्या निम्म्या मुलांना कॉफीचे मग दिले आणि बाजार भरवला. ज्यांच्या हातात कॉफीचा मग होता ते तो विकायला जी किंमत मागत होते, ती नसलेल्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट. वस्तू तीच, काही मिनिटांची मालकी फक्त मधे आली. २००९ मध्ये जोआन पेक आणि सुझन शू यांनी दाखवलं, की मालकीही लागत नाही, नुसता हात लावल्याने वस्तू आपली वाटायला लागते. खांद्यावर पडलेला पदर हा हात लावण्याच्या कितीतरी पुढचा प्रकार आहे. तो उतरवताना काहीतरी काढून घेतल्यासारखं होतं, आणि मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचं दुःख मोठं असतं, हा तर कानेमन-ट्वेर्स्कींच्या १९७९ च्या सिद्धांताचा गाभाच. म्हणून नेसून बघण्याआधी किंमत पक्की करावी. घासाघीस करायची ती साडी गादीवर असताना. खांद्यावर गेल्यावर केलेली घासाघीस ही निम्मी हरलेली असते आणि विक्रेता ते आरशात बघत असतो.

दिव्यांचं थोडक्यात: पिवळ्या प्रकाशात जरीची किनार उजळते आणि जांभळा-किरमिजी रंग गडद दिसतो. साडी उचलून दुकानाच्या दाराशी, उजेडात न्यावी. कुणी नाही म्हणत नाही.

माहेश्वरीच्या बाबतीत तर हे जास्तच करावं, कारण इथे शेजाराचा खेळ दुहेरी आहे. महेश्वर इथून शंभर किलोमीटरच्या आत. हातमागाच्या आणि यंत्रमागाच्या साड्या एकाच ढिगात येतात. यंत्रमागाची दीड हजाराची हातमागाच्या पाच हजारांच्या शेजारी ठेवली की 'वही है, बस सस्ती है' असं वाटतं. ती 'वही' नाही. नेहमीच्या माहेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. किनार, जिला तिथे बुगडी म्हणतात, दोन्ही बाजूंनी सारखी विणलेली, त्यामुळे साडी उलटसुलट नेसता येते. म्हणून आधी साडी उलटी करून किनार बघायची. उलट्या बाजूला मोकळे धागे लोंबत असतील तर शंका घ्यावी. मग कडेला बोट फिरवून बघायचं. हातमागावर कापड रुंदीला ताणून धरायला टोकाला सुया असलेली काठी लावतात, तिच्या टोचण्या काठाला बारीक भोकांच्या रांगेसारख्या दिसतात. आणि विणीत एखादी गाठ, एखादी किंचित विरळ जागा असणं हा दोष नव्हे. सगळीकडे आरशासारखी एकसारखी वीण दिसली, तर ती यंत्राची असण्याची शक्यता जास्त. एवढं तपासलं की शेजारची साडी शेजारीच राहते, मधे येत नाही.

दुकानदार सगळं जाणतो आणि गिऱ्हाईक भोळं, असं चित्र मात्र खोटं आहे. सकाळी अकराला, पहिल्या गिऱ्हाइकाला तो ज्या भावात माल देतो त्या भावात दुपारी चारला देणार नाही. बोहनी रिकामी जाऊ नये. आपल्याकडे तिला भवानी म्हणतात. पहिल्या गिऱ्हाइकाच्या शंभर रुपयांचा आणि सातव्याच्या शंभर रुपयांचा गल्ल्यात फरक पडत नाही, पण मनात पडतो. तसंच मागच्या वर्षीच्या फॅशनचा अडकलेला माल. बाजारात आज त्याचे आठशे येतील, पण चिठ्ठीवरची अक्षरं अकराशे सांगतात, म्हणून तो आठशेला सोडवत नाही. दोन वर्षं कप्प्यात ठेवतो, पैसा अडकवतो, शेवटी पाचशेला काढतो. शेअर बाजारातल्या लोकांची हीच खोड शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये नोंदवली: तोट्यातला कागद धरून ठेवायचा, नफ्यातला घाईने विकायचा. घासाघीस करणाऱ्याला यातून दोन व्यावहारिक गोष्टी मिळतात. पहिलं गिऱ्हाईक व्हावं. आणि वरच्या कप्प्यातल्या, चिठ्ठी पिवळी पडलेल्या साडीवर फार जोर लावू नये. तिथे तो गणिताशी नाही, स्वतःशी भांडत असतो.

बाजारातून बाहेर पडून राजवाड्याकडे वळलं की सराफा. रात्री नऊनंतर इथे दागिन्यांच्या दुकानांच्या ओट्यांसमोर गाड्या लागतात, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, खोबऱ्याचं पॅटिस, आणि बाहेरगावचे लोक सराफा म्हणजे खाऊगल्लीच समजतात. पण दिवसा हा सोन्याचा बाजार आहे, आणि माणसाच्या हिशोबातली सगळ्यात महागडी खोड इथे दिसते.

ट्वेर्स्की-कानेमन यांचाच १९८१ चा प्रश्न. १५ डॉलरचं गणनयंत्र वीस मिनिटांवरच्या दुकानात १० डॉलरला मिळतंय, जाल का? ६८ टक्के म्हणाले, जाऊ. तेच यंत्र १२५ डॉलरचं असेल आणि तिकडे १२० ला मिळत असेल तर? फक्त २९ टक्के. वाचणारे डॉलर दोन्हीकडे पाचच. आपण रुपये मोजत नाही, हिस्सा मोजतो. भाजीवाल्याकडे दोनशेची भाजी घेऊन वर कोथिंबीर-मिरची फुकट मिळाली नाही तर आपण पाच मिनिटं उभे राहतो, "भैया, धनिया तो डाल दो" म्हणत. तीच व्यक्ती तासाभराने सराफ्यात सव्वा लाखाच्या बिलावर दोन हजार सोडायला सांगायला लाजते. लाखाशेजारी दोन हजार म्हणजे किरकोळ. त्या दोन हजारांत वर्षाची कोथिंबीर येते, पण ती दोन पाकिटं मनात एकमेकांशेजारी कधी ठेवलीच जात नाहीत.

सोन्यात टक्क्यांचा पडदा जास्त जाड आहे तो घडणावळीवर. हिशोब सोपा पडावा म्हणून २२ कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला १,००,००० धरू. एक तोळ्याची साखळी, घडणावळ १४ टक्के, म्हणजे १४,०००. बाहेर फलक: 'मजुरी पर २५% छूट'. मजुरी झाली १०,५००, वाचले ३,५००. एकूण १,१४,००० चे १,१०,५०० झाले, म्हणजे बिलावर सूट सुमारे ३ टक्के. फलकावर २५ दिसतात, कारण फलकाने शेजार म्हणून मजुरी निवडली, बिल नव्हे. आणि दुसरी गोष्ट: भाव ५०,००० होता तेव्हा याच साखळीची १४ टक्क्यांनी घडणावळ ७,००० होती. कारागीर तोच, तास तेवढेच. घडवताना सोन्याची जी घट होते तिचा खर्च भावाबरोबर वाढतो हे खरं, त्यामुळे टक्केवारी अगदीच अन्याय्य नाही, पण सगळीच्या सगळी वाढ घटीची नसते. म्हणून विचारायचं ते "मजुरी कितने परसेंट?" असं नाही, "एक ग्राम पे कितने रुपये?" असं. या उदाहरणात सूट धरून १,०५० येतात. तीन दुकानांत हा एकच आकडा विचारला की तीन दुकानं एका ओळीत उभी राहतात. सूट नसलेलं दुकान ९०० सांगून जातं, असंही होतं.

मंगळसूत्र घेताना ढोबळ वजन आणि निव्वळ वजन वेगळं लिहून मागावं. काळे मणी सोन्याच्या भावाने घेण्याचं काही कारण नाही, खड्यांचंही तेच. हॉलमार्कवर तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता म्हणजे २२ कॅरेटला ९१६, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफ विकू शकत नाही. 'बीआयएस केअर' ऍपमध्ये तो घालून दुकानातच तपासता येतो. हे सगळं पुष्य नक्षत्राच्या दिवशी करायचं ठरवलं तर होणार नाही. गर्दी आणि मुहूर्ताची वेळ संपत आल्याची घाई, यांत माणूस तपासत नाही, फक्त घेतो. दागिना आधी पसंत करून, वजन-मजुरी लिहून घेऊन, मुहूर्ताला नुसते पैसे द्यावेत. मुहूर्त साधतो आणि डोकंही जागेवर राहतं.

नमकीनच्या दुकानात हाच खेळ फार प्रेमाने चालतो, म्हणून त्याच्यावर रागावता येत नाही. तळहातावर लौंग सेवेची चिमूट ठेवली जाते. "चखो." मग लसूण सेव, मग रतलामी. तीन चिमटी खाल्ल्यावर 'नुसतं बघायला आलो होतो' म्हणणं जीभ करू देत नाही आणि पावभर तरी घेतलं जातं. ते घ्यावंच. कसब लागतं ते पाकिटांशी. सुटी सेव ३२० रुपये किलो, पाव ८० ला. शेजारी हवाबंद पाकीट ७० ला. दहा रुपये स्वस्त? पाकीट २०० ग्रॅमचं आहे, म्हणजे किलोला ३५०. पाव या शब्दाची आपल्याला एवढी सवय आहे, की तळहाताएवढं पाकीट दिसलं की मन ते २५० समजतं. दोनशेच्या पाकिटाची किंमत पाचाने गुणायची, पावाची चाराने, एवढं पुरे. वेष्टनाच्या नियमांमुळे आता पाकिटावर एककाची किंमत, म्हणजे ग्रॅममागे किती पैसे, हेही छापलेलं असतं, पण अशा अक्षरांत की आजोबांचा चष्मा लागावा.

याच दुकानात एका प्रसिद्ध प्रयोगाची खोडही कळते. २००० मध्ये शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी एका दुकानात जॅमचं टेबल मांडलं. २४ प्रकार ठेवले तेव्हा थांबणारे जास्त, पण त्यांतले ३ टक्केच घेऊन गेले. ६ ठेवले तेव्हा ३० टक्के. तेव्हापासून 'जास्त पर्याय म्हणजे कमी विक्री' हे वाक्य मार्केटिंगच्या प्रत्येक वर्गात शिकवतात. २०१० मध्ये अशा पन्नास प्रयोगांची बेरीज मांडली गेली आणि सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कुठे होतो, कुठे नाही, कुठे उलटाच. इंदूरच्या नमकीनवाल्याकडे वीस प्रकारच्या सेवा काचेमागे मांडलेल्या असतात आणि दुकान ओसंडून वाहत असतं, कारण इथलं गिऱ्हाईक येतानाच लौंग की लसूण हे घरून ठरवून येतं. काय हवंय ते माहीत असणाऱ्याला पर्याय घाबरवत नाहीत. साडीच्या दुकानात तसं नसतं, म्हणून तिथला हुशार विक्रेता पंचवीस उघडल्यावर हळूच वीस बाजूला सारतो आणि तीन-चारच समोर ठेवतो.

जेल रोडवर, मोबाइलच्या बाजारात, शेजार आकड्यांचा. एक फोन: ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण, १७,९९९. दुसरा: ८ आणि १२८, २०,४९९. तिसरा: ८ आणि २५६, २०,९९९. मधला कोण घेईल? पाचशे रुपयांत दुप्पट साठवण मिळत असताना कुणीच नाही. मधला विकायला ठेवलेलाच नाही. त्याचं काम तिसऱ्याला स्वस्त दाखवणं. मधला काढून टाका, मग तिसरा पहिल्यापेक्षा तीन हजारांनी महाग आहे हे लख्ख दिसतं. ह्यूबर, पेन आणि पुटो यांनी १९८२ मध्ये हे मांडलं. गंमत पुढे आहे. २०१४ मध्ये इतर संशोधकांनी हेच प्रयोग चित्रं दाखवून, खरी वस्तू हातात देऊन केले, तेव्हा परिणाम बहुतेक ठिकाणी विरून गेला. मधला फोन जिथे सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं तिथे काम करतो. साडीच्या गादीवर असली मधली साडी कामाची नाही, तिथे डोळा आणि बोट निकाल देतात, म्हणून तिथला शेजार जरीचा असतो. बाजाराला हे शोधनिबंधांच्या आधीपासून ठाऊक आहे.

त्या ९९९ बद्दल एक. आपल्याकडे आहेर एक रुपयाने वाढतो, १०१, ५०१. किंमत एक रुपयाने घटते. देताना शून्य अशुभ आणि घेताना शून्य महाग. अँडरसन आणि सिमेस्टर यांनी २००३ मध्ये कपड्यांच्या छापील कॅटलॉगमध्ये एकच कपडा ३४, ३९ आणि ४४ डॉलरला दाखवला, तेव्हा ३९ ला सगळ्यात जास्त खपला, ३४ पेक्षाही. म्हणजे ९ नुसता 'थोडं कमी' सांगत नाही, 'इथे काहीतरी सूट आहे' असं कानात सांगतो.

फोन पसंत पडला की काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "नो कॉस्ट ईएमआई कर दूँ?" हा हिशोब एकदा कागदावर करून बघण्यासारखा आहे. फोन ३०,००० चा, सहा हप्ते ५,००० चे. बँक वर्षाला १५ टक्के लावते असं धरू. महिना सव्वा टक्का, म्हणजे सहा हप्त्यांचं आजचं मोल येतं सुमारे २८,७३०. उरलेले १,२७० हे व्याज. दुकान किंवा कंपनी तेवढीच 'सूट' देते, म्हणून बेरीज तीसच दिसते. पण बँकेच्या कागदावर ते व्याजच असतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो: सुमारे २२९ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर त्यावर कर धरून २३५. झाले ४६४. आणि रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती वेगळीच. ती ईएमआय घेतानाच संपते आणि कुणी आठवण करून देत नाही. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्वच्छ सांगितलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. म्हणून 'शून्य टक्के' गेलं आणि 'नो कॉस्ट' आलं. तेव्हा काउंटरवर प्रश्न एकच: "अभी पूरे पैसे दूँ तो कितने में दोगे?" त्या उत्तरातून आणि ३०,४६४ मधून जो फरक निघतो ती खरी कॉस्ट.

हप्ता असो की कार्ड, पैसे देण्याची टोचणी बोथट करणं हाच त्यामागचा हेतू. प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ मध्ये बास्केटबॉलच्या तिकिटांचा लिलाव केला. कार्डाने भरायचंय असं सांगितलेल्यांनी रोखवाल्यांपेक्षा जवळपास दुप्पट बोली लावली. इथे पोह्यांच्या गाडीवरही आता कोड लावलेला असतो. पोहे-जलेबीपुरतं ठीक आहे, पण साडीच्या दुकानात नोटा मोजून देताना जे होतं ते स्पीकरवरच्या "प्राप्त हुए" मध्ये होत नाही.

ऍपवरच्या युक्त्यांना तर आता कायद्यानेच नावं दिली आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला तेरा प्रकारच्या फसव्या रचनांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली: खोटी घाई, टोपलीत न विचारता टाकलेली वस्तू, शेवटच्या पानावर उगवणारं जादा शुल्क, नाही म्हणायला लाजवणारं बटण वगैरे. 'ऑफर १० मिनिटांत संपतेय' दिसलं तर पान बंद करून पुन्हा उघडावं. घड्याळ पुन्हा दहावरून सुरू झालं, तर तो पहिला प्रकार. स्क्रीनशॉट काढून ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

या सगळ्यात जुन्या घरांतली एक सवय मला सगळ्यात भरवशाची वाटते आणि अर्थशास्त्रज्ञ नेमकी तीच चूक म्हणून शिकवतात. दिवाळीचे पैसे एका डब्यात, दुधाचे दुसऱ्या, लग्नाच्या आहेराचे तिसऱ्या. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये याला मनातले हिशोब म्हटलं. २०१७ च्या त्यांच्या नोबेलमागे हेही काम होतं. रुपया कुठल्याही डब्यातला असला तरी रुपयाच, हे तर्काला धरून आहे. पण तर्क गादीवर बसलेला नसतो. पाकिटावर 'साडी, ३,०००' लिहून तेवढ्याच नोटा घातल्या आणि फोन सोबतच्या माणसाकडे ठेवला, तर साडेसात हजारांच्या साडीचा नांगर पडतो, दोर ताणतो आणि पाकिटाच्या तळाशी येऊन थांबतो. बेचाळीसशेची घ्यायची असेल तर घरी परत यावं लागतं. परत गेल्यावर बहुतेकदा ती तेवढी आवडत नाही. कधी आवडतेही, मग ती घ्यावी, तिचा बेत पुरेसा पिकला आहे.

रात्री आठच्या पुढे सीतलामाता बाजारात शटर अर्ध्यावर येतात. गादीवर दिवसभराचा ढीग पडलेला असतो आणि दोन पोरं समोरासमोर बसून घड्या घालत असतात, एकाने पदराकडचं टोक धरायचं, दुसऱ्याने आतलं, मधे हनुवटीखाली दाबून अर्धं, मग पाव. विकलेल्यांच्या चिठ्ठ्या तारेत ओवून गल्ल्यावर जातात. बाकीच्या किमतीप्रमाणे कप्प्यांत परततात, अडीच हजारांच्या खाली, चारच्या मधे. साडेसात हजारांची मात्र वर, तिच्या रांगेत जात नाही. तिची घडी जरा सैल घालतात, लवकर उलगडावी म्हणून, आणि ती अडीच हजारांच्या कप्प्याशेजारी, विक्रेत्याचा उजवा हात पोहोचेल अशी ठेवतात. लग्नसराईत कधी ती विकलीही जाते. मग मालक वरून दुसरी काढायला सांगतो.